अडतीस सेकंद

धुक्यातून आधी आवाज आला, मग दोन पिवळे दिवे दिसले, आणि मग एक निळी गाडी माझ्या टेबलापासून पंचवीस पावलांवर कच्चकन थांबली. थांबली ती थांबलीच.

नैरोबीच्या उत्तरेला, तिमाऊच्या गव्हाच्या शेतांवर त्या सकाळी इतकं दाट धुकं होतं की शेजारी बसलेले म्वेंडाकाकासुद्धा मला फक्त टोपीवरून ओळखू येत होते. आम्ही दोघं मोटर क्लबच्या वेळ-नाक्यावर बसलो होतो. एक टेबल, एक घड्याळ, एक पेन आणि माझा चहाचा थर्मास. एरवी मी तिथल्याच मुलींच्या शाळेत गणित शिकवते. मोटारींचं मला काडीचं वेड नव्हतं. पण म्वेंडाकाका बाबांचे मित्र. त्यांना अलीकडे बारीक आकडे दिसत नव्हते, म्हणून त्यांनी मला रविवारचं कामाला जुंपलं होतं.

"या की पुढे!" मी ओरडले.

गाडीची काच खाली झाली. "खरंच येऊ?"

"मग काय, पत्रिका छापून पाठवू?"

काकांनी माझं मनगट घट्ट धरलं. "अगं गात्विरी, बोलावू नकोस त्याला! चार मिनिटं आधी आलाय तो. समोरच्या त्या पिवळ्या पाटीच्या आत शिरला तर मेला बिचारा."

तेव्हा मला तो नियम पहिल्यांदा कळला. रॅलीत प्रत्येक गाडीला नाक्यावर पोहोचायचं मिनिट ठरवून दिलेलं असतं. उशीर झाला तर मिनिटाला दहा सेकंद दंड. आणि लवकर आलात तर? मिनिटाला अख्खं एक मिनिट! म्हणजे उशिरा येणाऱ्यावर थोडी दया, पण घाई करणाऱ्यावर अजिबात नाही. आणि वेळ कुठली धरायची, तर गाडीचं वेळ लिहायचं कार्ड माझ्या हातात पडेल ती. मला तो नियम फार आवडला. आमच्या वर्गातल्या मुलींना लावायला हवा, असंही वाटून गेलं.

गाडीतून एक जाडजूड माणूस उतरला आणि घड्याळ बघायला टेबलाशी आला. हा बाराझा, शेजारच्या सीटवर बसून रस्ता वाचून दाखवणारा. त्याला पाटीच्या आत चालत यायला परवानगी असते. चालवणाऱ्याने मात्र गाडी सोडायची नाही. बाराझाने घड्याळ बघितलं, मग थर्मास बघितला, आणि मग माझ्याकडे असं काही बघितलं की मी मुकाट्याने कपभर चहा ओतला.

"ए! आणि मला?" पंचवीस पावलांवरून आरोळी आली.

"नियमात बसत नाही," मी म्हटलं.

"तुमच्या नियमात साखर किती घालतात, मास्तरीणबाई?"

"मी मास्तरीण आहे हे कुणी सांगितलं?"

"आवाजाने! मी आपोआप ताठ बसलो ना इथे."

बाराझा चहात हसला आणि त्याला ठसका लागला. मी तोंड फिरवलं, कारण मलाही हसू येत होतं, आणि मेरूच्या मुलीने अनोळखी माणसासमोर एवढ्या लवकर हसू नये असं आमची आई सांगते.

मिनिट झाल्यावर गाडी टेबलापाशी आली. बाराझाने खिडकीतून कार्ड दिलं, मी वेळ लिहिली. तेव्हा त्या आरोळीचा चेहरा मी जवळून पाहिला. सावळा, किडकिडीत, गालावर चिखलाचा ओघळ. डोळे मात्र इतके शांत, की दरीकाठाच्या रस्त्यावरून जिवावर उदार होऊन आलेला माणूस हाच का, असं वाटावं.

"क्यालो," तो म्हणाला. "माचाकोसचा."

"म्हणजे कांबा जमातीचे. तुमची माणसं गोड बोलतात असं ऐकलंय."

"आणि मेरूच्या बायकांच्या नाकावर राग असतो असं मी ऐकलंय. खोटं निघालं तर बरं होईल."

"पुढे व्हा," मी म्हटलं. "मागे गाडी आलीये."

मागे गाडी आली नव्हती. नऊ मिनिटांनी आली.

*

त्या हंगामात मी आणखी तीन रॅलींना गेले. म्वेंडाकाका म्हणायचे, पोरीला काम आवडलं. मी म्हणायचे, हो.

प्रत्येक नाक्यावर निळी गाडी वेळेच्या आधी येऊन पाटीबाहेर उभी राहायची. बाकीच्या गाड्या धापा टाकत, पत्रे लोंबकळत, शेवटच्या क्षणाला यायच्या. जो वेगात येतो त्यालाच थांबावं लागतं, हे मला हळूहळू कळलं. त्या तीन-चार मिनिटांत आम्ही एकमेकांशी ओरडून बोलायचो. पंचवीस पावलांवरून बोलायचं म्हणजे गुपचूप काही बोलता येत नाही. त्यामुळे आमचं सगळं बोलणं म्वेंडाकाका, बाराझा, दोन पोलीस आणि कुंपणावर बसलेलं अर्धं गाव ऐकत असे.

"आज केस वेगळे बांधलेत का?"

"रस्त्याकडे बघा!"

"उभ्या गाडीतून रस्त्याकडे काय बघू? रस्ता कुठे जातोय?"

गावातल्या बायका टाळ्या पिटायच्या. मला लाज वाटायची... आणि पुढच्या नाक्याची वाट बघवत नसे.

गंमत अशी, की हा माणूस किती चांगला चालवतो हे फक्त चालवणाऱ्यांनाच माहीत होतं. अकरा वर्षांची जुनी गाडी, मेहुण्याच्या गॅरेजात रात्रंदिवस खपून उभी केलेली. दर वेळी तो पहिल्या तिघांत असायचा आणि दर वेळी काहीतरी तुटायचं. बारा वर्षांत एकही मोठी रॅली त्याच्या नावावर नव्हती. लाइकिपियाच्या मोठ्या कुरणवाल्यांचा मुलगा ग्रॅहम बहुतेक रॅली जिंकायचा. चांगला होता तो. एकदा माझ्या टेबलाशीच म्हणाला, "क्यालोला माझी गाडी द्या, मग मी आयुष्यभर दुसरा." पण पेपरवाले हे असलं छापत नाहीत.

जुलैत मी नैरोबीला मावशीकडे गेले होते. मावशी हे निमित्तच. त्या रविवारी शहराबाहेरच्या डांबरी ट्रॅकवर साध्या मोटारींची शर्यत होती आणि क्यालो त्यात कुणाची तरी उसनी गाडी चालवणार होता. पांढरी गाडी, तिचा एक दरवाजा हिरवा. चिखलात मुरलेला माणूस डांबरावर काय करणार, असं मागे बसलेले दोघं म्हणत होते. तो नवव्या जागेवरून सुटला. वळणावर बाकीचे ब्रेक दाबत, तेव्हा हा क्षणभर उशिरा दाबे, आणि गाडी हळूच आतल्या बाजूला सरकवून पुढे निघे. ढकलाढकली नाही, धूर नाही. एकेक करत सात गाड्या मागे टाकल्या आणि दुसरा आला. मी उभी राहून इतकी ओरडले की मागच्या दोघांनी आपली जागा बदलली.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात जिंकणाऱ्याचा मोठा फोटो होता. कोपऱ्यात हिरवा दरवाजा अर्धा दिसत होता. नाव नव्हतं.

मी पेटले. संपादकांना तीन पानी पत्र लिहिलं. ते छापून आलं नाही, पण म्वेंडाकाकांच्या तोंडात तीळ भिजत नाही. चौथ्या दिवशी फोन वाजला.

"मास्तरीणबाई, संपादकाला शिव्या घातल्या म्हणे?"

"शिव्या नाही. आकडे दिले. नवव्याचा दुसरा होणं म्हणजे सात गाड्या."

"माझ्यासाठी एवढं?"

"आकड्यांसाठी. त्यात तुम्ही कुठे आलात?"

मग तो हळू आवाजात म्हणाला, "आलो असतो तर... बरं वाटलं असतं."

पंचवीस पावलं मध्ये नसताना त्याचा आवाज असा असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. वह्यांचा गठ्ठा समोर होता, आणि त्या दिवशी मी एका मुलीला पन्नासपैकी बावन्न गुण दिले. मी प्रेमात पडले होते, दुसरं काय!

*

नोव्हेंबरच्या शेवटच्या रॅलीला सगळं एकदम जुळून आलं. त्या वर्षी ग्रॅहमची गाडी दोनदा अर्ध्यावर बंद पडली होती, त्यामुळे हंगामाच्या गुणांत तो आणि क्यालो बरोबरीत होते. ही रॅली जो जिंकेल तो देशाचा विजेता. शिवाय एका टायर कंपनीचा चकचकीत बुटांचा माणूस नैरोबीहून आला होता. त्याने सगळ्यांदेखत सांगितलं, "क्यालो, हा किताब आण, पुढच्या वर्षी नवी गाडी तुझी. टांझानिया, झांबिया, सगळीकडे पाठवू." आणि नाही आणला तर? मेहुण्याने आधीच हात टेकले होते. निळी गाडी विकायला काढायची ठरली होती.

तीन दिवस पाऊस झाला होता. काळी माती लोण्यासारखी झाली होती. नव्या गाड्या शेतांत आडव्या होऊन पडल्या आणि जुनी निळी गाडी दोन दिवस त्या चिखलातून नुसती तरंगत आली. शेवटचा वेगाचा टप्पा संपला तेव्हा क्यालो ग्रॅहमच्या एक्केचाळीस सेकंद पुढे होता. आता शर्यत उरलीच नव्हती. फक्त माझ्या नाक्यावर कार्ड द्यायचं आणि नान्युकीच्या मैदानावर गाडी नेऊन लावायची.

त्याचं मिनिट होतं तीन बेचाळीस.

तीन अडतीसलाच निळी गाडी पाटीबाहेर येऊन उभी राहिली. कुंपणावरच्या बायकांनी आरोळी ठोकली. मी टेबलामागे बसले होते, पण माझं काळीज कधीच पंचवीस पावलं पुढे जाऊन उभं राहिलं होतं.

"मास्तरीणबाई!" तो ओरडला. "आज काही बोलायचं नाही का?"

"जिंकल्यावर बोलू!"

"मग झालंच की!"

आपल्या मिनिटाच्या आधीच्या मिनिटात पाटी ओलांडून टेबलापाशी यायला परवानगी असते. कार्ड मात्र आपल्याच मिनिटाला द्यायचं. तीन एक्केचाळीस होताच गाडी हलली आणि माझ्यासमोर येऊन थांबली. पावसाची भुरभुर होती. बाराझा मांडीवर कार्ड ठेवून, मान खाली घालून आपल्या घड्याळात सेकंद मोजत होता.

आणि क्यालोने ते कार्ड त्याच्या मांडीवरून उचललं.

कार्ड देणं हे शेजारच्याचं काम. बारा वर्षांत क्यालोने ते कधी केलं नव्हतं. त्या दिवशी का कोण जाणे, त्याने खिडकीतून हात बाहेर काढला आणि कार्ड माझ्यासमोर धरलं. तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. बोटांना चिखल होता, नखाशी खरचटलेलं होतं. मी हात पुढे केला. त्याची बोटं माझ्या बोटांना लागली, आणि कार्ड माझ्या हातात आलं.

"अरे—!" बाराझा किंचाळला. "अरे गाढवा! अजून अडतीस सेकंद आहेत!"

मी घड्याळाकडे पाहिलं. तीन एक्केचाळीस आणि बावीस सेकंद. मग बत्तीस. मग चाळीस.

"बाई," बाराझाचा आवाज रडवेला झाला. "बाई, नुसतं धरून बसा. कुणी पाहिलं नाही. फक्त बेचाळीस होऊ द्या... तुमच्या पाया पडतो."

खरंच कुणी पाहिलं नव्हतं. काकांना दिसत नाही. पोलीस पाठमोरे होते, कुंपणावरच्या बायकांना गाडीच्या आड काही दिसत नव्हतं. माझ्या हातात पेन होतं आणि मला एवढंच करायचं होतं, की काहीच करायचं नाही.

मी क्यालोकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने काहीच मागितलं नाही. मागितलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न मी आजही स्वतःला विचारत नाही.

मी लिहिलं, तीन एक्केचाळीस. खाली सही केली.

एक मिनिट दंड. एक्केचाळीस सेकंदांनी पुढे असलेला माणूस एकोणीस सेकंदांनी मागे गेला.

*

टायरवाल्या माणसाने तासाभरात तक्रार घातली. नाक्यावरचं घड्याळ पुढे होतं म्हणे. ते घड्याळ तोवर बंद करून पेटीत गेलं होतं, त्यामुळे आता कुणाचा शब्द खरा, एवढाच प्रश्न राहिला होता.

मैदानावरच्या पत्र्याच्या खोलीत सुनावणी झाली. वर पाऊस वाजत होता. मुख्य पंच मिसेस ओलुओच. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, समोर कागद, हातात पेन. एका बाजूला मी आणि काका. दुसऱ्या बाजूला क्यालो, बाराझा आणि चकचकीत बूट. खोलीत शिरताना बूटवाला क्यालोच्या कानाशी जे बोलला ते मला ऐकू आलं. "एकच वाक्य बोल. माझ्या घड्याळात बेचाळीस झाले होते. बास. संशयाचा फायदा तुला."

आणि माझं काय? तर बाईला घड्याळ कळत नाही, असं कायमचं लिहिलं गेलं असतं. पण खरं सांगते, त्याचं मला तितकं काही वाटलं नाही. मला भीती वाटत होती ती वेगळीच. हा माणूस ते वाक्य बोलला, तर उद्यापासून तो मला आवडणार नाही. आणि मला तो आवडायला हवा होता. फार हवा होता.

"बाराझा," मिसेस ओलुओच म्हणाल्या, "कार्ड तुम्ही दिलंत?"

बाराझाने बुटांकडे पाहिलं. "नाही, मॅडम."

"मग?"

"मी दिलं," क्यालो म्हणाला.

"तुमच्या घड्याळात तेव्हा किती वाजले होते?"

मी माझ्या हातांकडे बघत बसले. वर बघायची हिंमत नव्हती.

"मी घड्याळ बघितलंच नाही, मॅडम. पण बाईंनी जे लिहिलंय ते बरोबर आहे. बाराझा ओरडला तेव्हा अडतीस सेकंद बाकी होते. त्याचं घड्याळ आणि त्यांचं घड्याळ एकच वेळ सांगत होतं."

बूटवाल्याने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, खुर्ची मागे सारली आणि दार आपटून निघून गेला. नवी गाडी, टांझानिया, झांबिया, सगळं त्याच्याबरोबर गेलं. क्यालोने त्या दाराकडे एकदा पाहिलं. फक्त एकदाच.

मिसेस ओलुओच यांनी चष्मा काढला. "बारा वर्षं चालवताय तुम्ही. कालचं पोरसुद्धा ही चूक करत नाही. कार्ड देणं तुमचं कामच नव्हतं. का घेतलंत ते? मला कारण लिहावं लागतं."

"लिहायलाच हवं?"

"हवं."

क्यालोचे कान लाल झाले. सावळ्या माणसाचेही कान लाल होतात, बरं का.

"मला ते... माझ्या हाताने द्यायचं होतं. त्यांच्या हातात. वर्षभर बाराझाच देत आला. वर्षभर तोच चहा पितोय." तो थांबला. "मॅडम, माझं त्यांच्यावर प्रेम आहे. त्यांच्याकडे बघत होतो. घड्याळाकडे बघायचं राहून गेलं."

"उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग," बाराझा पुटपुटला.

मिसेस ओलुओच यांचं पेन कागदावर अधांतरी राहिलं. "हे असंच लिहू?"

"असंच लिहा."

त्यांनी लिहिलं. सावकाश, पूर्ण वाक्यांत. मग कागद माझ्याकडे वळवला. "नाक्यावरच्या अधिकाऱ्याला काही सांगायचंय?"

काकांनी कोपराने मला ढोसलं.

"हो. यात एक राहिलंय," मी म्हटलं. "त्यांनी कार्ड पुढे केलं तेव्हा मला घड्याळ दिसत होतं. अजून वेळ झाली नाही, असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. मीही हात पुढे केला."

"का?"

"तेच कारण."

"त्याने वेळ बदलत नाही, पोरी," मिसेस ओलुओच हळू आवाजात म्हणाल्या. "कार्ड हातात आलं की आलं."

"माहीत आहे. तरी लिहा."

त्यांनी तेही लिहिलं. आम्ही दोघांनी एकाच कागदावर एकाखाली एक सह्या केल्या. मग त्यांनी चष्मा चढवला आणि म्हणाल्या, "आता दोघंही बाहेर व्हा. मला निकाल लावायचाय."

बाहेर पाऊस थांबत आला होता. क्यालो पत्र्याच्या कडेला उभा राहिला. इतका वेळ धरून ठेवलेलं त्याचं तोंड आता वाकडं व्हायला लागलं.

"हरलास," मी म्हटलं.

"हो."

"रडू येतंय?"

"थोडंसं." त्याने चिखलाच्या हाताने डोळे पुसले आणि आणखीच चिखल केला. "बारा वर्षं, गात्विरी. एकदाच... एकदा तरी नाव वर असावं असं फार वाटत होतं."

पुढच्या वर्षी होईल, असं म्हणता आलं नसतं. गाडीच नव्हती. म्हणून मी त्याचा हात धरला. कुंपणापलीकडे सगळं गाव उभं होतं, काका होते, बाराझा होता, दोन पोलीस होते. धरला तर धरला.

तेवढ्यात कुणीतरी निकालाचा कागद फळ्यावर लावला आणि लोक धावले. आम्ही धावलो नाही. हात न सोडता चालत गेलो, गर्दीने वाट दिली, आणि दुसऱ्या ओळीतलं त्याचं नाव आम्ही दोघांनी मिळून वाचलं.